आयरिस : पावसाच्या आकड्याबरोबर त्याचा काळही सांभाळणारे साधन

गेल्या वर्षी जून महिन्यात नारायणगावच्या एका टोमॅटो उत्पादकांनी आमच्या पुण्यातील कार्यालयात फोन करून एकच प्रश्न विचारला : "साहेब, तुमचा शनिवार नेमका किती वाजता सुरू होतो?" आम्ही पाठवलेल्या हवामान अंदाजाच्या तक्त्यात शुक्रवारी पाऊस आणि शनिवारी कोरडे असे दाखवले होते. शुक्रवार मावळेपर्यंत पाऊस आला नाही, म्हणून धोका टळला असे समजून त्यांनी शनिवारी पहाटे सहा वाजता फवारणी उरकली आणि सातच्या सुमारास आलेल्या सरीने ती सगळी धुऊन नेली. अंदाज चुकलेला नव्हता. तो पाऊस आमच्या फाइलमध्ये शुक्रवारच्या रकान्यात होता, कारण त्या रकान्यातला शुक्रवार शुक्रवारी सकाळी साडेआठला सुरू होऊन शनिवारी सकाळी साडेआठला संपत होता. ही गोष्ट फाइल तयार करणाऱ्या आमच्या माणसाला ठाऊक होती, पण फाइलमध्ये ती कुठेही लिहिलेली नव्हती.

त्या प्रश्नानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली आणि यंदाच्या पावसाळ्याचे चारही महिने अंदाजाच्या सर्व फाइली आयरिस या साधनातून तयार केल्या. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. आयरिस ही ब्रिटनच्या हवामान कार्यालयात, म्हणजे मेट ऑफिसमध्ये, घडलेली, पायथन या संगणकीय भाषेतील मुक्त स्रोत लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, आहे. ती विनामूल्य मिळते, नेटसीडीएफ फाइली थेट वाचते आणि आयरिस-ग्रिब हे पूरक पॅकेज घेतल्यास ग्रिब फाइलीही वाचते. नेटसीडीएफ आणि ग्रिब हे हवामानाची आकडेवारी साठवण्याचे दोन प्रचलित फाइल-प्रकार आहेत. नकाशे काढणे, एका ग्रिडवरून दुसऱ्या ग्रिडवर मूल्ये आणणे अशी पुष्कळ कामे तिच्याकडून होतात, परंतु त्यांच्याविषयी मी येथे काही म्हणणार नाही. मला पारखायची होती ती एकच गोष्ट : चोवीस तासांची बेरीज, दिवसाचे कमाल तापमान, रात्रीचे किमान तापमान अशी जी मूल्ये एका क्षणाची नसून एका कालखंडाची असतात, त्यांचा कालखंड आणि त्यांची रीत हे साधन फाइलमध्ये किती प्रामाणिकपणे नोंदवते.

ही नोंद किती महत्त्वाची आहे, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगण्यासाठी पंचांगापलीकडे जावे लागत नाही. पंचांगात तिथीच्या पुढे तिच्या समाप्तीची वेळ छापलेली असते, कारण चतुर्थी आहे एवढे कळून भागत नाही, ती किती वाजेपर्यंत आहे हेही कळावे लागते. पंचांगातला वारसुद्धा मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पावसाचा दिवस यापासून फार दूर नाही : तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, आणि त्या चोवीस तासांत पडलेला पाऊस ज्या तारखेला मोजला त्या तारखेखाली नोंदला जातो. म्हणजे आमच्या तक्त्यात जो पाऊस शुक्रवारचा होता, तोच विभागाच्या नोंदवहीत शनिवारच्या तारखेखाली जाणार होता. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, फक्त प्रत्येकीने आपला कालखंड सांगितला पाहिजे.

हवामानाचे गणित करणाऱ्या संगणकीय मॉडेलच्या फाइली मात्र जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात आणि आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे यूटीसीचे तीन. यूटीसीचा दिवस मध्यरात्री सुरू होतो तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. शून्य यूटीसीला सुरू झालेल्या रनमधून, म्हणजे मॉडेलच्या एका फेरीतून, हवामान विभागाच्या दिवसाशी जुळणारा पाऊस काढायचा असेल, तर अंदाजाच्या तिसऱ्या तासापासून सत्ताविसाव्या तासापर्यंतची बेरीज हवी, शून्यापासून चोविसाव्या तासापर्यंतची नव्हे. हा तीन तासांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, परंतु घाटमाथ्यावर रात्रभर धरलेला पाऊस पहाटे साडेपाच ते साडेआठ या वेळात किती पडू शकतो हे मुळशी-वेल्ह्याकडच्या कोणालाही विचारून पाहावे. मुसळधार पावसाची पायरी चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर, अतिमुसळधारची ११५.६ आणि त्यापुढील अत्यंत मुसळधारची २०४.५ मिलिमीटर आहे. ही चोवीस तासांची खिडकी तीन तासांनी सरकली की तोच पाऊस एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाऊ शकतो. खडकवासल्यातून मुठेत किती पाणी सुटेल याचा विचार करणाऱ्यांसाठी ही केवळ कागदोपत्री बाब उरत नाही.

आता साधनाकडे वळतो. नेटसीडीएफ फाइलींसाठी सीएफ नावाचे संकेत जगभर पाळले जातात आणि आयरिसची सगळी रचना त्या संकेतांवर उभी आहे. कालखंडाच्या मूल्यासाठी सीएफ दोन गोष्टी मागते. पहिली, वेळेच्या प्रत्येक बिंदूला दोन सीमा असाव्यात, कालखंड कधी सुरू झाला आणि कधी संपला. यांना बाउंड्स म्हणतात. दुसरी, त्या कालखंडात मूल्यांवर काय क्रिया केली, म्हणजे बेरीज, सरासरी, कमाल की किमान, हे सेल मेथड्स या गुणधर्मात लिहावे. हा गुणधर्म लिहिलाच नाही तर काय होते, हे पुष्कळांना माहीत नसते. तापमानासारख्या राशीला सेल मेथड नसेल, तर ते मूल्य त्या क्षणाचे आहे असे गृहीत धरायचे, असा संकेतच आहे. म्हणजे दिवसाचे कमाल तापमान सेल मेथडशिवाय फाइलमध्ये ठेवले, तर वाचणारा संगणक ते त्या वेळेला असलेले साधे तापमान समजेल आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल.

आयरिसचे खरे मोठेपण येथे आहे. तासातासाच्या पावसाची चोवीस तासांवर बेरीज करा असे सांगितले की ती नुसता आकडा परत देत नाही. वेळेच्या निर्देशांकाला (कोऑर्डिनेट) आरंभ आणि अंत अशा सीमा आपोआप लागतात, अंदाज-कालावधीच्या, म्हणजे रन सुरू झाल्यापासून गेलेल्या तासांच्या, निर्देशांकालाही तशाच सीमा लागतात, आणि सेल मेथडमध्ये वेळेवर बेरीज केल्याची नोंद होते. फाइल जतन केली की सीमांचे वेगळे चल (व्हेरिएबल) आपोआप लिहिले जाते. हे सारे हाताने लिहायचे झाले तर निदान आठ-दहा ओळींचा प्रोग्राम लागतो, आणि संध्याकाळच्या घाईत ज्या ओळी राहून जातात त्या याच असतात. पायथनमध्ये अशा फाइलींसाठी आज पुष्कळ वापरात असलेली एक्सअ‍ॅरे ही लायब्ररी अतिशय सोयीची आहे, आमच्याकडे तीही आहे आणि पुढेही राहील. परंतु तिच्यात दिवसाचे कमाल काढल्यावर सेल मेथड आणि सीमा लिहिण्याचे काम वापरणाऱ्यावर राहते. त्यातून मूळ गुणधर्म जसेच्या तसे पुढे नेण्याचा पर्याय चालू असेल, तर निकालाच्या अंगावर जुनीच सेल मेथड राहते, आणि नोंद नसण्यापेक्षा चुकीची नोंद असणे अधिक धोक्याचे आहे.

क्रियांचा क्रम हा दुसरा मुद्दा. आम्ही अनेक सदस्यांच्या समूह-अंदाजाचा, म्हणजे थोडा फरक ठेवून एकाच वेळी काढलेल्या अनेक अंदाजांचा, उपयोग करतो. प्रत्येक सदस्याचे दिवसाचे कमाल तापमान काढून मग सदस्यांची सरासरी घेणे, आणि आधी दर तासाला सदस्यांची सरासरी घेऊन मग तिच्यातले कमाल शोधणे, ही दोन अगदी वेगळी उत्तरे आहेत. एका सदस्यात दुपारी दोनला उच्चांक येतो, दुसऱ्यात चारला. आधी सरासरी घेतली की हे उच्चांक एकमेकांत विरतात, म्हणून दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा कधीच जास्त येत नाही, बहुधा कमीच येते. आयरिस प्रत्येक क्रियेची सेल मेथड आधीच्या सेल मेथडच्या पुढे जोडत जाते, आणि सीएफ संकेतांनुसार ही यादी डावीकडून उजवीकडे, केलेल्या क्रमानेच वाचायची असते. त्यामुळे सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्यालाही कोणती क्रिया आधी झाली ते कळते. आमच्या कार्यालयात यावर दोन सहकाऱ्यांचा मतभेद झाला होता, आणि मूळ प्रोग्राम न शोधता केवळ फाइलचा मथळा वाचून तो मिटला, याचे मला फार समाधान वाटले.

ग्रिब फाइलींच्या बाबतीत परीक्षा अधिक कठीण आहे. ग्रिबच्या दुसऱ्या आवृत्तीत कालखंडाच्या मूल्यांसाठी स्वतंत्र साचे आहेत. साध्या क्षणिक अंदाजाला ४.० क्रमांकाचा साचा, तर सरासरी, बेरीज, कमाल वा किमान यांना ४.८ क्रमांकाचा. या साच्यात अंदाजाची वेळ म्हणून जी लिहितात ती कालखंडाच्या आरंभाची असते आणि अंताची तारीख-वेळ निराळी, वर्षापासून सेकंदापर्यंत, लिहिलेली असते. क्रियेचा प्रकार आकड्याने सांगतात : ० म्हणजे सरासरी, १ म्हणजे बेरीज, २ म्हणजे कमाल, ३ म्हणजे किमान. नोंद इतकी नेमकी असूनही वाचणारी साधने तिचा बराच भाग गाळतात. सीएफग्रिब या प्रचलित साधनात मूल्याची वेळ म्हणून कालखंडाचा अंत मिळतो आणि क्रियेचा प्रकार एका गुणधर्मात मिळतो, परंतु आरंभाची सीमा हाती येत नाही. आयरिस-ग्रिबमध्ये दोन्ही सीमा आणि सेल मेथड तिन्ही हाती येतात.

आरंभाची सीमा का हवी, हे अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलच्या पावसावरून कळते. त्याच्या तिसऱ्या तासाच्या फाइलमध्ये शून्य ते तीन तासांची बेरीज असते, सहाव्या तासाच्या फाइलमध्ये शून्य ते सहा तासांची, नवव्या तासाच्या फाइलमध्ये सहा ते नऊची आणि बाराव्यामध्ये सहा ते बाराची. दर सहा तासांनी बेरजेचे भांडे रिकामे होते, मधल्या वाचनाला होत नाही. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या मॉडेलमध्ये मात्र भांडे रिकामे होतच नाही. तेथे एकूण पाऊस रनच्या आरंभापासून साठत जातो आणि तोही मीटर या एककात असतो. त्यामुळे हवामान विभागाच्या दिवसाचा पाऊस युरोपीय फाइलींतून काढणे सोपे आहे : सत्ताविसाव्या तासाच्या मूल्यातून तिसऱ्या तासाचे मूल्य वजा करायचे आणि हजाराने गुणून मिलिमीटर करायचे. जीएफएसमधून तोच पाऊस काढताना शून्य ते सहाच्या बेरजेतून शून्य ते तीनची बेरीज वजा करून त्यात सहा ते बारा, बारा ते अठरा, अठरा ते चोवीस आणि चोवीस ते सत्तावीस या बेरजा मिळवाव्या लागतात. कालखंड समोर लिहिलेले असतील तर हे पाचवीतल्या मुलालाही जमेल, आणि नसतील तर अनुभवी माणूसही फसेल. आम्ही ज्या पुरवठादाराकडून पूर्वी तयार फाइली विकत घेत होतो, त्यांच्या फाइलींत चलाचे नाव केवळ 'पाऊस' असे होते आणि प्रत्येक मूल्यासमोर एकच वेळ होती. ती वेळ आरंभाची, अंताची की मधली, हे विचारून मिळालेले उत्तर दोन आठवड्यांनी बदलले. तो करार आम्ही पुढे नूतनीकृत केला नाही.

आता उणिवा सांगतो. आयरिस आवडली म्हणून त्या झाकून ठेवणे वाचकांशी प्रतारणा ठरेल, आणि त्यांतील पहिली उणीव गंभीर आहे.

जीएफएसच्या वर सांगितलेल्या, एकमेकींवर चढलेल्या खिडक्यांची सरसकट बेरीज करा असे आयरिसला सांगितले, तर ती बेरीज करते. शून्य ते तीनचा पाऊस दोनदा मोजला जातो. कालखंड सलग नाहीत आणि मेटाडेटा, म्हणजे आकड्यांविषयीची सोबतची माहिती, पुरेसा वर्णनात्मक नसू शकेल, असा इशारा ती पडद्यावर दाखवते, पण थांबत नाही. निकालाला सगळ्यांत आधीचा आरंभ आणि सगळ्यांत नंतरचा अंत अशा सीमा लागतात, सेल मेथड बेरीज अशीच राहते, आणि तयार झालेली फाइल पाहणाऱ्याला संपूर्ण निर्दोष दिसते. रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचे इशारे कोण वाचतो? चुकीच्या आकड्याला नीटनेटका मेटाडेटा चिकटला की त्याच्यावरचा विश्वास उलट वाढतो. माझ्या मते येथे साधनाने काम थांबवायला हवे होते. आम्ही पायथनच्या इशारा-गाळणीतून या इशाऱ्याचे रूपांतर त्रुटीत केले आहे. खिडक्या सलग नसतील तर आता आमचा प्रोग्राम बंद पडतो आणि सकाळी कोणीतरी कारण शोधते. आयरिस वापरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे करावे असा माझा आग्रह आहे.

दुसरी उणीव वेळेच्या बिंदूची आहे. कालखंड एकवटताना आयरिस वेळेचा बिंदू सीमांच्या मधोमध ठेवते. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या साडेआठ या खिडकीचा मध्य रात्री साडेआठला येतो. सीएफ संकेतांच्या दृष्टीने यात चूक नाही, कारण खरा कालखंड सीमा सांगतात. पण सीमा न वाचणारी पुष्कळ अ‍ॅप्स जगात आहेत, आणि आमच्याच मोबाइल अ‍ॅपमध्ये पहिले चार दिवस सगळ्या गावांचा पाऊस रात्री साडेआठला पडणार असल्याचे दिसत होते. मेट ऑफिसच्याच इम्प्रूव्हर या अंदाज-संस्करणाच्या संचात, जो आयरिसवरच उभा आहे, वेळेचा बिंदू कालखंडाच्या अंतावर ठेवण्याची रीत आहे. आम्ही तीच रीत उचलली. एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ लिहायची आठवण ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट क्षणिक मूल्यांवरून काढलेल्या कमाल-किमानाची. फाइलमध्ये यूटीसीच्या एक वाजल्यापासून चोवीस वाजेपर्यंतची चोवीस तापमाने आहेत, त्यांना सीमा नाहीत, आणि त्यांचे कमाल काढले, तर आयरिस निकालाला एक ते चोवीस अशा सीमा लावते. हा कालखंड चोवीस नव्हे, तेवीस तासांचा झाला. साधनाचे वागणे एका अर्थी प्रामाणिक आहे, कारण पहिल्या क्षणाच्या आधीचे त्याला काहीच माहीत नाही. सीमा अंदाजाने लावून घेण्याची सोय आहे, पण ती आपण न सांगितल्यास प्रत्येक बिंदू खिडकीच्या मध्यावर आहे असे मानते. तासाच्या शेवटी नोंदलेल्या पावसाला ही सोय जशीच्या तशी लावली, तर प्रत्येक खिडकी अर्ध्या तासाने पुढे सरकते. बिंदू खिडकीच्या अंतावर आहे असे तिला स्पष्ट सांगावे लागते. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट हेरली, मला ती तोवर सुचलेली नव्हती.

याच मुद्द्याला धरून आणखी एक. मॉडेलने गणनेच्या प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवून टिपलेले कमाल आणि तासातासाच्या क्षणिक मूल्यांतून आपण निवडलेले कमाल सारखे नसते. दुसरे पहिल्यापेक्षा बहुधा थोडे कमी भरते, कारण खरा उच्चांक दोन नोंदींच्या मधे येऊन जाऊ शकतो. सीएफमध्ये यासाठी सोय आहे : सेल मेथडच्या कंसात नमुन्यांमधले अंतर, जसे एक तास, लिहिता येते. आयरिसमध्ये ते लिहिण्याची जागा आहे, पण बेरीज-कमालाची क्रिया करताना ती ते आपणहून भरत नाही. नमुन्यांमधले अंतर तिला वेळेच्या बिंदूंवरून काढता आले असते असे मला वाटते.

किमान तापमानाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हिवाळ्यात आमच्याकडे सर्वाधिक विचारणा त्याचीच होते. जुन्नर तालुक्यातील द्राक्षबागायतदारांना थंडीच्या रात्रीचे किमान तापमान हवे असते. निरभ्र रात्री पारा उतरत उतरत सूर्योदयाच्या सुमारास तळ गाठतो, आणि जानेवारीत पुण्याकडे सूर्योदय सातच्या पुढेच होतो. जीएफएसची अठरा ते चोवीस तासांची खिडकी शून्य यूटीसीच्या रनमध्ये आपल्या रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच या वेळेची आहे, म्हणजे तळ येण्याआधीच ती बंद होते. तिचे किमान हे त्या रात्रीचे किमान नव्हे. चोवीस ते सत्तावीसची, म्हणजे साडेपाच ते साडेआठची खिडकी तिला जोडली तरच रात्र पूर्ण होते. आणि येथे बेरजेत आणि कमाल-किमानात एक मूलभूत भेद आहे. बेरजेतून बेरीज वजा करून मधली खिडकी काढता येते, सरासऱ्यांवरूनही तासांनी गुणून आणि वजा करून ती काढता येते, पण किमानातून किमान वजा होत नाही. शून्य ते सहाचे आणि शून्य ते तीनचे किमान सारखेच आले, तर तीन ते सहामध्ये काय झाले हे त्या दोन आकड्यांवरून कधीच कळणार नाही. म्हणून किमान तापमानाची खिडकी कोणती होती ही माहिती एकदा हरवली की ती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. आयरिसमध्ये दोन खिडक्या जोडून किमान काढले, तेव्हा निकालाच्या सीमा रात्री साडेअकरा ते सकाळी साडेआठ अशा बिनचूक आल्या, आणि बागायतदारांना पाठवलेल्या संदेशात आम्ही त्या वेळा त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहू लागलो.

हवामान विभागाचा साडेआठचा दिवस आयरिसमध्ये तयार मिळत नाही. महिना, ऋतू, वर्षातला दिवस असे गट करण्याची सोय आहे, पण त्यातला दिवस मध्यरात्री बदलतो. आपला स्वतःचा गट ठरवण्यासाठी एक छोटे फंक्शन लिहून देता येते. आम्ही वेळेतून तीन तास वजा करून तारीख काढणारे फंक्शन लिहिले. एक सावधगिरी मात्र बाळगावी : गट ठरवताना खिडकीच्या अंताची वेळ वापरली, तर ठीक साडेआठला संपणारी शेवटची खिडकी पुढच्या दिवसात जाते. आरंभाची वेळ वापरली की हा घोटाळा होत नाही. पायथनची पांडाज ही तक्त्यांची लायब्ररी वापरणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल, कारण तेथेही दैनिक गट करताना खिडकीची डावी कड आत धरण्याची रीत मुळात ठरलेली असते आणि अंताच्या वेळेवर नोंदलेल्या पावसासाठी ती बदलून उजवी करावी लागते.

वेगवेगळ्या सेल मेथड असलेले मूल्यांचे संच आयरिस एकत्र जोडत नाही. क्षणिक तापमान आणि सहा तासांचे कमाल तापमान यांचे सीएफमधले प्रमाणनाव एकच, हवेचे तापमान, असले तरी ती दोन्ही वेगळी ठेवली जातात. सुरुवातीला हा अडथळा वाटतो. आमच्या एका सहकाऱ्याने तर सेल मेथड पुसून टाकून जोडणी करून घेण्याचा उपाय काढला होता. तो मी बंद करायला लावला, कारण आपल्याला नेमके जे हवे आहे तेच तो उपाय फेकून देतो.

शिकण्यासाठी लागणारा वेळ हा काहींच्या दृष्टीने दोष ठरेल. आयरिसचे घन (क्यूब, म्हणजे आकडे आणि त्यांचा मेटाडेटा एकत्र ठेवणारी रचना), निर्देशांक आणि सीमा ही भाषा अंगवळणी पडायला आमच्या गटाला तीन आठवडे लागले. पायथन येत असेल आणि सीएफ संकेतांची तोंडओळख असेल तर कमी लागतील. मार्गदर्शिका इंग्रजीत आहे आणि चांगली आहे, परंतु तिच्यातील उदाहरणे ब्रिटनच्या गरजांची आहेत, तेथे यूटीसी आणि घड्याळ यांत साडेपाच तासांचे अंतर पडत नाही. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी साडेआठच्या दिवसाचे उदाहरण मराठीत लिहिले जावे असे मनापासून वाटते. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि शिवाजीनगरला हवामान विभागाचे कार्यालय असलेल्या या शहरात ते लिहू शकणारे लोक भरपूर आहेत. या विभागाचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आले म्हणून त्या कार्यालयाजवळच्या चौकाला आजही शिमला ऑफिस म्हणतात. तेथून रोज जाताना वाटते की सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचून तारीख-वेळेसह वहीत नोंद करणाऱ्या निरीक्षकांची शिस्त आपल्या संगणकीय फाइलींतही उतरली पाहिजे.

ज्यांच्या फाइली स्वतःपुरत्याच राहतात आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या जातात, त्यांना आयरिसचा हा सगळा खटाटोप कदाचित नको असेल. पण ज्यांची फाइल दुसऱ्या कोणाच्या हाती जाते, मग तो अ‍ॅप बनवणारा असो, धरणाचा हिशेब ठेवणारा अभियंता असो वा पाच वर्षांनी अंदाजांची पडताळणी करणारा संशोधक असो, त्यांनी आयरिस अवश्य वापरावी, इशाऱ्यांचे रूपांतर त्रुटीत करावे, वेळेचा बिंदू अंतावर न्यावा आणि नमुन्यांमधले अंतर हाताने लिहावे.

आमच्या तक्त्यात आता 'शनिवार' असा एकटा शब्द येत नाही. सीमांवरून आपोआप तयार होणारी ओळ अशी असते : शनिवार सकाळी ८.३० ते रविवार सकाळी ८.३०, एकूण पाऊस. नारायणगावच्या त्या शेतकऱ्यांना पहिला नवा तक्ता पाठवला तेव्हा त्यांनी उत्तरादाखल आणखी एक मागणी केली : फवारणीच्या निर्णयासाठी चोवीस तासांच्या बेरजेबरोबर पहाटे चार ते सकाळी दहा या सहा तासांचा पाऊसही वेगळा द्यावा. आपल्या पहाटेच्या चारला यूटीसीचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि दहाला साडेचार. दोन्ही अर्ध्या तासावर येतात, तर आमच्या फाइलींच्या खिडक्या यूटीसीच्या पूर्ण तासांच्या आहेत. सध्या आम्ही साडेतीन ते साडेनऊची खिडकी देतो आणि तक्त्यात ती तशीच लिहितो.